भोंगा झाला, इडवल

इडवल सगळं विसरला, पण दगड फोडायचं विसरला नाही. बायकोचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. न्याहारी केली की नाही, हे तर तो तोंड पुसता पुसताच विसरायचा. पण मागल्या अंगणात बुटक्या स्टुलावर बसवलं, पाटीच्या दगडाचा ठोकळा मांडीला टेकवून दिला, एका हातात रुंद छिन्नी आणि दुसऱ्यात लाकडी हातोडा दिला, की गडी हुशार! टक, टक, जरा थांबून एक हलकी टक, आणि ठोकळा सरळ दुभंगायचा. मग त्याचे चार भाग, मग आठ. छपरावर घालायच्या त्या करड्या-जांभळ्या पातळ पाट्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या राहायच्या. उभा जन्म त्याने डोंगरावरच्या खाणीत हेच केलं होतं. खाण बंद पडून जमाना झाला, तरी त्याच्या हातांना तेवढं एक काम पुरेसं होतं.

डिलिसला नावं ठेवणारे होतेच. भिंतीपलीकडची नॅन्सी तर दोरीवर कपडे वाळत घालताना रोज सुरू व्हायची.

"अगं बाई, ज्याला स्वतःचे बूट कुठल्या पायातले ते कळत नाही, त्याच्या हातात छिन्नी देतेस तू? उद्या काही झालं म्हणजे?"

"काढून घेतली ना, तर होईल काहीतरी," डिलिस म्हणायची. "तू बघितलं नाहीस त्याला रिकाम्या हाताने. खाणीत जायचं म्हणून दिवसभर दार ओढत बसतो आणि रडतो. मोठा बाप्या रडतो गं, नॅन्सी."

नॅन्सी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी तिचाच मुलगा खाणीखालच्या ढिगाऱ्यातून दोन चांगले ठोकळे आणून दारात ठेवून जायचा. गावच तसं होतं. तोंडाने बोलायचं एक आणि करायचं दुसरं.

जुन्या खाणवाल्यांनी पाट्यांच्या आकारांना बड्या घरच्या बायकांच्या पदव्या देऊन ठेवल्या होत्या. सर्वांत मोठी ती डचेस, तिच्याखालची काउंटेस, मग लेडी. इडवलला एखादी छान साधली की तो ती दोन्ही हातांनी वर धरायचा.

"ही बघ, डचेस!"

"आणि मी कोण रे?" डिलिस दारातून विचारायची.

"तू? तू तुटका माल." असं म्हणून तो इतका खूश व्हायचा, की तीही हसायची. त्याच्या डोक्यात बाकी काही राहिलं नव्हतं, पण बायकोची चेष्टा करायची खोड शाबूत होती, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

संध्याकाळी त्याला उठवायचं कसं, याचीही एक युक्ती होती. ओढून-बिढून तो उठत नसे. दारात उभं राहून, जरा खणखणीत आवाजात म्हणायचं, "भोंगा झाला, इडवल! हत्यारं खाली!" खाणीत भोंगा झाला की हातातलं काम तिथंच ठेवून सगळे चहाच्या खोपटात जायचे. तिथं चहा, गाणी, भांडणं, राजकारण, सगळं चालायचं. भोंग्यानंतर हत्यार हातात धरणारा माणूस मालकाचा चमचा समजला जायचा. म्हणून ते शब्द कानावर पडले रे पडले, की इडवल छिन्नी स्टुलाच्या उजव्या पायाशी ठेवायचा, तिच्यावर आडवा हातोडा, आणि हात झटकत उठायचा. "चल गं, चहा दे." कधी म्हणून चुकलं नाही.

हे सगळं वेल्शमध्ये बरं का, त्या डोंगराळ मुलखाच्या स्वतःच्या भाषेत. इंग्रजी त्याच्याकडे शाळेत उशिरा आली होती आणि दुखणं सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी तीच निघून गेली. डॉक्टर इंग्रजीत काही विचारायला लागला की तो डिलिसकडे बघायचा. हा भला माणूस नुसता आवाज का करतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर असायचं.

डिलिसच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्याला समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात आठवडाभर ठेवलं होतं. स्वच्छ जागा, प्रेमळ बायका. पण त्या मजल्यावर वेल्श कुणालाच येत नव्हती. डिलिस आणायला गेली, तेव्हा तिथली बाई कौतुकाने म्हणाली, "किती शांत आहेत हो! आठवडाभर एक शब्द नाही." गाडीत बसल्यावर इडवलने डिलिसचा हात असा धरला, की घरी येईतो सोडला नाही. त्या दिवशी तिने मनाशी गाठ मारली. माझ्या जिवात जीव आहे तोवर हा माणूस तिथं जाणार नाही. माझ्या घरात, माझ्याशी भांडत मरेल, पण तिथं नाही.

आणि मग सप्टेंबरातल्या एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, छिन्नी घसरली.

अंगठ्याच्या मुळाशी लागलं होतं. इडवलला ते कळलंही नव्हतं. डिलिस टॉवेल घेऊन धावली. तिचा चेहरा बघून त्याने खाली पाहिलं, आणि पाटीवरचं रक्त बघून त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी लागलंय. खाणीत वरून दगड सुटला की जो आरडाओरडा व्हायचा, तोच त्याने सुरू केला. "बाजूला व्हा! माणूस अडकलाय!" डिलिस हात धरायला गेल्यावर त्याने तिला कोपराने बाजूला सारलं. ती कचऱ्याच्या डब्यावर आपटली. लागलं फारसं नाही. पण त्याचं रक्त थांबत नव्हतं. ती आत पळाली आणि तिने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला.

फोनवरच्या मुलीने आधी विचारलं, "वेल्शमध्ये बोलायचं असेल तर जरा थांबाल का? जोडून देते."

"नको नको," डिलिस म्हणाली. "इंग्रजी चालेल."

का म्हणाली असं? जळलं मेलं ते वळण! बँक, कचेरी, इस्पितळ म्हटलं की इंग्रजी, हे लहानपणापासून हाडीमासी मुरलेलं. शिवाय आपल्यापायी कुणाची खोटी नको. डिलिसची इंग्रजी म्हणजे तिचा ठेवणीतला कोट होता. नीटनेटका आणि खांद्यात आवळणारा. त्यात हात वर करता येत नसे.

"त्यांच्या हातात काही धारदार वस्तू आहे का?"

"हो. छिन्नी."

"ती खाली ठेवायला ते तयार आहेत का?"

"नाही."

"त्यांनी तुम्हाला काही केलं का?"

खोटं बोलायची सवय नाही. गावच्या प्रार्थनाघरात, चॅपलमध्ये, लहान मुलांना शिकवणारी बाई. "मला ढकललं," ती म्हणाली.

आपल्या भाषेत बोलत असती तर म्हणाली असती, अगं पोरी, घाबरलाय तो बिचारा, कोपर लागलं मला जरासं, माशी मारायचा नाही कधी तो. पण त्या घट्ट कोटातून एवढंच बाहेर आलं. हातात धारदार वस्तू, खाली ठेवत नाही, बायकोला ढकललं. मुलीचा आवाज लगेच बदलला. "मॅडम, आता पुढच्या दाराने बाहेर पडा. रस्त्यावर थांबा. त्यांच्या जवळ जाऊ नका. कळलं?"

"हो," डिलिस म्हणाली.

रस्त्यावर उभी राहिल्यावर तिला भोंगा आठवला. रक्ताच्या भीतीने डोक्यातून पार गेला होता. मागे जावं, दारात उभं राहून चार शब्द बोलावेत, झालं. तिने दाराच्या कडीवर हातसुद्धा ठेवला. पण जाऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि आपण हो म्हटलं होतं. आत टक टक पुन्हा सुरू झाली होती. म्हणजे तो शांत झाला होता, पुन्हा स्टुलावर बसला होता! तरीही ती तिथंच उभी राहिली. सांगितलेलं ऐकणारी बाई. त्या क्षणाने तिला नंतर जन्मभर पोखरलं.

रुग्णवाहिका आली, पण खाली वळणावरच थांबली. आधी पोलिसांनी जागा सुरक्षित करायची, मग त्यांनी यायचं, असा नियम. पोलिसांची गाडी वर आली. तिच्यातून एक सार्जंट उतरला. बाहेरगावचा, इंग्रज, थकलेल्या चेहऱ्याचा. त्याच्या मागून उतरला गेथिन.

डिलिसचा जीव भांड्यात पडला. गेथिन म्हणजे रॉबाटचा नातू! रॉबाट आणि इडवल खाणीत एका बाकावर शेजारी बसून दगड फोडायचे. रॉबाटला जाऊन बरीच वर्षं झाली, पण नातवाने तोंडवळा तसाच्या तसा उचलला होता. तेच मोठे कान, तशीच पुढे आलेली हनुवटी. शेंबूड पुसून डिलिसनेच त्याला चॅपलमध्ये गाणी शिकवली होती. रस्त्यात भेटला की लांबून ओरडायचा, "काय डिलिस काकू, म्हातारा त्रास देतोय का?" अर्थात वेल्शमध्ये. इंग्रजीत तो तिच्याशी आजवर कधी बोलला नव्हता.

आज मात्र तो म्हणाला, "मिसेस पॅरी, तुम्ही ठीक आहात?" इंग्रजीत.

आणि तिनेही इंग्रजीतच उत्तर दिलं. शेजारी सार्जंट उभा होता ना! एक जरी माणूस आपली भाषा न कळणारा असला, तरी सगळ्यांनी त्याच्या भाषेत बोलायचं. नाहीतर त्याला वाटेल आपल्याविषयीच काहीतरी चाललंय. हा इथला शिष्टाचार. दहा वेल्श माणसांच्या घोळक्यात एक इंग्रज आला की अकराच्या अकरा इंग्रजी बोलायला लागतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

"प्लीज, त्यांना सांगा," ती म्हणाली, "हत्यार खाली ठेवायला सांगा. भोंगा झाला म्हणून सांगा. मग ते ऐकतात."

सार्जंटला भोंग्याचं काय कळणार? "आम्ही सांगतोच आहोत, मॅडम. तुम्ही इथंच थांबा," तो म्हणाला. अगदी सभ्यपणे म्हणाला. गेथिनला मात्र कळलं होतं. आजोबांच्या मांडीवर भोंग्याच्या गोष्टी ऐकत वाढलेलं पोर ते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो सार्जंटच्या मागोमाग आत गेला.

डिलिस बाहेर थांबली नाही. तेवढं एकदाच तिने ऐकलं नाही. बोळकांडीतून ती स्वयंपाकघरापर्यंत गेली. मागच्या दारात दोन काळ्या पाठी होत्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून तिला इडवल दिसला. स्टुलावर बसलेला, शर्टाची बाही रक्ताने माखलेली, मांडीवर पातळ पाटी. गडी खुशीत होता.

"पोलीस! हत्यार खाली टाका!" सार्जंट ओरडला.

इडवलने वर पाहिलं. आवाज करणारा एक अनोळखी माणूस. मग त्याची नजर बाजूला गेली, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की डिलिसने तसा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"रॉबाट! कुठं मेला होतास इतके दिवस?"

तो उठला. एका हातात पाटी, एका हातात छिन्नी.

"अरे ये ना! ही बघ कशी निघालीय. डचेस आहे, डचेस! तुझ्या बापाला तरी जमली होती का अशी?"

आणि पाटी दाखवायला तो पुढे आला.

त्यातला शब्द न् शब्द गेथिनला कळत होता. त्या अंगणात इडवलचं बोलणं कळणारी दोन माणसं होती, आणि त्यातला एक तो होता. पण त्याचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. कसं उभं राहायचं, काय ओरडायचं, किती अंतर राखायचं, सगळे शब्द त्या गणवेशाबरोबर मिळालेले. त्याच्या हातात ते विजेचा झटका देणारं पिवळं पिस्तूल कधी आलं, त्यालाही कळलं नसेल.

"खाली टाका! जागेवर थांबा! टेझर आहे, टेझर!" तो ओरडला. इंग्रजीत.

"प्लीज, नका! ते म्हातारे आहेत!" डिलिसही मागून ओरडली. तीही इंग्रजीत! पोलिसांना सांगायचं होतं ना. इडवलला एक शब्द सांगायचा, तो तिच्या ओठांवर आलाच नाही.

इडवल आणखी एक पाऊल पुढे आला, हसत हसत.

फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. दोन बारीक तारा सुटल्या. इडवलचं अख्खं अंग ताठ झालं, तोंड उघडंच राहिलं, आणि तो उभाच्या उभा आडवा पडला, त्याच्याच पाट्यांच्या ओळीवर. पाट्या एकामागून एक फुटत गेल्या.

"हत्यार सोडा! सोडा ते!" सार्जंट ओरडत होता. सोडणार कसा? विजेने मूठ आवळली होती. डोकं जागेवर असलेल्या माणसालाही ती उघडता आली नसती. पण छिन्नी हातात होती, नियम नियम होता. सार्जंटने "पुन्हा" म्हटलं आणि गेथिनने पुन्हा चाप ओढला.

तेव्हा डिलिस आपल्या भाषेत किंचाळली. "सोड त्याला, गेथिन! मेल्या, तुझा आजोबा समजला तो तुला!"

गेथिनच्या हातातलं पिस्तूल खाली आलं.

इडवल मेला नाही. मेला असता तर सुटला असता, असं डिलिस पुढं उघड म्हणायची, आणि चॅपलमधल्या बायका खाली बघायच्या. खुब्याचं हाड मोडलं. डोक्याला खोक पडली. इस्पितळात त्याने कुणाशी बोलायचंच सोडलं. उजव्या हाताची मूठ मात्र आवळलेलीच राहिली. आत काही नव्हतं. छिन्नी कधीच पुरावा म्हणून पोलीस घेऊन गेले होते. पण नर्सनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला की तो कण्हायचा आणि मूठ आणखी आवळायचा. नखं तळव्यात रुतत होती. शेवटी त्यांनी मुठीत कापसाची गुंडाळी कोंबून ठेवली.

एक मोठा अधिकारी घरी येऊन गेला. चहा घेतला, टोपी गुडघ्यावर ठेवली. झालं ते दुर्दैवी होतं, पण समोर धारदार हत्यार होतं, बळाचा वापर परिस्थितीला धरून होता, असं त्याने हळुवारपणे समजावलं. डिलिसने त्याला बिस्किटं दिली. तो गेल्यावर तीच बशी तिने अंगणात भिरकावली आणि फुटलेल्या पाट्यांमध्ये बसून ढसाढसा रडली. नॅन्सी भिंतीवरून सगळं बघत होती. 'मी सांगितलं नव्हतं?' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर डिलिसला बरं वाटलं असतं.

मग इस्पितळाने सांगितलं की आता घरी नेणं शक्य नाही. दोन माणसांशिवाय हा पेशंट हलवता येत नाही. समुद्राकाठी जागा रिकामी झाली आहे. सोमवारी पाठवू. डिलिस काय बोलणार? मनाशी मारलेली गाठ तिने आपल्याच हाताने सोडली.

त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, गेथिन आला. गणवेश नव्हता. जुना स्वेटर, हातात काही नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"डिलिस काकू," तो म्हणाला. आपल्या भाषेत.

"आता बरी आपली भाषा आठवली," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मोठे कान लाल झाले होते. तिला त्याला घालवून द्यायचं होतं. शब्द तयार होते, कितीतरी दिवस घोळवून ठेवलेले. पण इडवलचे डोळे उघडले होते. तो त्या पोराकडे बघत होता, नजर न हलवता.

गेथिन खाली वाकला.  त्याने घसा खाकरला आणि आजोबांकडून ऐकलं होतं तसं, खणखणीत म्हणाला,

"भोंगा झाला, इडवल! हत्यारं खाली!"

इडवलने सुस्कारा सोडला. मूठ हळूहळू उघडली. आधी करंगळी, मग बाकीची बोटं. कापसाची गुंडाळी पडली. त्याचा हात खाटेच्या कडेवरून खाली गेला, जणू स्टुलाच्या उजव्या पायाशी, आणि नसलेली छिन्नी त्याने तिथं अलगद ठेवली. तळव्यावर नखांचे चार काळे-निळे व्रण होते.

"चल रे, रॉबाट," तो म्हणाला. "चहा निवेल."

गेथिन खाली जमिनीवरच बसला आणि तोंड दाबून रडायला लागला.

"एवढंच होतं रे मेल्या," डिलिस म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं. तूही नाही सांगितलंस आणि मीही नाही." तिने इडवलचा तो उघडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उबदार होता. तो तिच्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. कदाचित तुटका माल म्हणणार होता. तिला अगदी खात्री होती.

पडदा सरकला. औषधांची ढकलगाडी घेऊन नवी नर्स आली, हसतमुख. "काय म्हणतंय आज? सगळं ठीक ना?" तिने इंग्रजीत विचारलं.

डिलिसने डोळे पुसले. गेथिन घाईघाईने उठून उभा राहिला.

"हो, अगदी ठीक," डिलिस इंग्रजीत म्हणाली. "थँक्यू."

"थँक्यू," गेथिनही म्हणाला.

मग हवा कशी आहे, सोमवारी गाडी किती वाजता येईल, असं तिघांचं बोलणं सुरू झालं. इडवल एकदा हिच्या तोंडाकडे बघे, एकदा त्याच्या. त्याला काही कळेना. थोड्या वेळाने त्याने बघायचं सोडून दिलं, आणि डिलिसच्या हातातली त्याची मूठ पुन्हा आवळली गेली.